हा दिवा कुणाचा?

अण्णांच्या गुडघ्यांना गच्चीचा जिना झेपत नाही. त्यामुळे वरच्या खोलीत मी काय मांडून ठेवलंय हे माझ्या सासऱ्यांना बरीच वर्षं फक्त ऐकून माहीत होतं. रविवारी दुपारी वरून येणारी ड्रिलची घरघर, जिन्यावरून खाली उतरणारा सोल्डरचा वास आणि ‘आई वर गाडी खेळतेय’ हे नातीने येणाऱ्या-जाणाऱ्याला दिलेलं उत्तर, एवढंच. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी पाण्याची टाकी बघायची म्हणून ते कठडा धरत धरत वर आले आणि टाकी राहिली बाजूला, माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. मी घाईघाईने माझ्या छोट्या रेल्वेची पॉवर चालू केली. आलेल्या पाहुण्याला दाखवतात तसा खेळ सुरू केला: मालगाडी मेन लाइनवरून निघाली, पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यावर, खडखडली, लूपच्या बाजूच्या रुळावर शिरून थांबली. अण्णांनी गाडीकडे पाहिलंच नाही. सगळी नोकरी भुसावळ विभागात स्टेशन मास्तर म्हणून काढलेला माणूस. गाड्या त्यांनी पुष्कळ पाहिल्यात. ते वाकून पॅनेल, म्हणजे बटणं आणि दिव्यांचा फळा, बघत होते. मग तिसऱ्या पॉइंटच्या हिरव्या दिव्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा दिवा बटणाचा, की पॉइंटचा?”

“बटणाचा,” मी म्हटलं.

“हं,” म्हणाले, आणि टाकी बघायला गेले.

ज्यांनी घरात कधी रेल्वे मांडली नाही त्यांना वाटतं, गाडी हीच मुख्य गोष्ट. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मुलगी लहान असताना नात्यातल्या कुणीतरी परदेशातून तिच्यासाठी एक सेट आणला. एक इंजिन, तीन डबे, लंबगोल रूळ. तिचा उत्साह दिवाळीच्या सुट्टीबरोबर संपला, माझा तेव्हा सुरू झाला. आज प्लायवूडच्या आठ बाय चारच्या बोर्डावर लासलगाव आणि निफाड यांची सरमिसळ केलेलं एक स्टेशन उभं आहे: दोन मेन लाइन, दोन लूप, मालधक्क्याची एक सायडिंग, सात पॉइंट. सगळं एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्शात. मालधक्क्यावर खसखस रंगवून कांद्याचे ढीग केलेत. हिशेब केला तर एकेक कांदा साडेआठ सेंटिमीटरच्या पुढे जातो, लासलगावच्या मानानेही जरा थोराडच, पण मार्केटला आणलाय तर आणलाय. रुळांबद्दल मात्र चोखंदळ माणसाने बोलूच नये. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे या मापात ते एकोणीसच्या वर जायला हवं. बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळाचा, कारण तो बेतलाय १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर. माझी मध्य रेल्वे त्यामुळे जरा अंग चोरून धावते.

पण गाडी पळवण्यात पंधरा मिनिटं जातात. पॅनेल बनवण्यात वर्षं जातात, आणि मला वाटतं बऱ्याच जणांना खरी ओढ त्याचीच असते. स्टेशनचा नकाशा आधी ग्राफ पेपरवर. मग तो हायलमच्या, म्हणजे बेकलाइटसारख्या, तपकिरी पत्र्यावर. हायलमला भोक पाडताना एक कडवट, जळका, औषधासारखा वास सुटतो. तो मला सातपूरला नेतो. माझी उमेदीची वर्षं तिथे एका पॅनेलच्या कारखान्यात गेली, आधी वायरिंगला, नंतर टेस्टिंगला. आमच्या नाशिकमध्ये द्राक्षं आणि कुंभमेळा यांच्याइतकंच स्विचगिअर, म्हणजे विजेचे स्विच आणि पॅनेलं, पिकतं हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, इथल्यांना नाही. अंबड-सातपूरच्या कुठल्याही गल्लीत शिरा, कुणीतरी डक्टमध्ये वायरी बसवत, वायरीच्या टोकांवर नंबरांच्या नळ्या म्हणजे फेरूल चढवत, लग क्रिम्प करत बसलेलं असतंच. माझे टॉगल स्विच आणि पुश बटणं अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातली आहेत. २०१७ मध्ये महापालिकेने तो हटवला, त्याआधी मी पिशवी भरून आणून ठेवली होती. किलोवर मिळायची. प्रत्येक बटण घरी येऊन मल्टिमीटरवर ऐकायचं, बीप आली की ठेवायचं, अडखळली की टाकायचं. पॅनेलवरच्या रुळांच्या रेघा बिटको चौकाजवळच्या रेडियमवाल्याकडून कापून घेतल्या, गाड्यांच्या नंबरप्लेटी करतो तो. “कुठल्या गाडीवर लावायचंय, मॅडम?” त्याने विचारलं. मी म्हटलं, आगगाडीवर. त्याने मान वर न करता विचारलं, पिवळा देऊ का पांढरा?

तर दिवा. आमच्या छंदात पॉइंटचा दिवा बटणावरून लावतात, आणि त्यामागे आळस नाही, चांगली कारागिरी आहे. पॉइंट हलवायच्या मोटरी दोन जातींच्या. एक कॉइलची: क्षणभर करंट दिला की खट्‌दिशी ओढते, आणि बटणावर बोट जास्त वेळ राहिलं की जळते. तो वास एकदा घेतलेला माणूस कपॅसिटर डिस्चार्ज युनिट बसवल्याशिवाय राहत नाही; मग बटण कितीही वेळ दाबा, कपॅसिटर एकदाच ढकलतो आणि रिकामा होतो. दुसरी जात संथ मोटरची. ती गुणगुणत, तीन-चार सेकंदांत ब्लेड, म्हणजे पॉइंटमधलं रुळाचं सरकतं टोक, एका बाजूकडून दुसरीकडे नेते, टोकाला जाऊन अडते आणि अडलेल्या अवस्थेतच करंट घेत राहते. घेते तरी किती, पंधरा-सोळा मिलिअँपिअर. नेमका एवढाच करंट एका एलईडीला लागतो. म्हणून एक लाल आणि एक हिरवा एलईडी उलटसुलट जोडून मोटरच्याच वायरीत सिरीजमध्ये घातला की वेगळा रेझिस्टर नको, वेगळी वायर नको. टॉगल इकडे केला की हिरवा, तिकडे केला की लाल. इतकी काटकसर मला सुंदर वाटायची. आजही वाटते. शिवाय मोटरची वायर कुठे तुटली तर दिवा विझतो, म्हणजे अगदीच मुका दिवा नव्हे तो.

पण तो फक्त एवढंच सांगतो की मोटरला ढकललंय. ब्लेड पोचलं का, हे त्याला ठाऊक नाही.

आणि मला मात्र हे ठाऊक असायला हवं होतं असं नाही, मला ते ठाऊक होतंच. सातपूरला टेस्टिंगच्या टेबलावर मी नव्या मुलांना हेच शिकवायचे. स्टार्टरचा रन लॅम्प, म्हणजे मोटर चालू असल्याचा दिवा, पुश बटणावरून घ्यायचा नाही, मोटरला वीज जोडणाऱ्या काँटॅक्टरच्या ऑक्झिलरीवरून, त्याच्याबरोबर हलणाऱ्या जादा काँटॅक्टवरून घ्यायचा. तेरा-चौदा नंबरचा काँटॅक्ट. बटण दाबलं म्हणून मोटर चालू झाली असं होत नाही. एखादा हुशार मुलगा विचारायचा, पण मॅडम, काँटॅक्टर ओढला म्हणजे तरी मोटर फिरली असं कुठे होतं? बरोबर. म्हणून पंपाच्या पॅनेलला ग्राहक पाणी वाहतंय हे सांगणारा फ्लो स्विच मागतो. मोटर फिरली तरी शाफ्टची चावी तुटली असेल तर पाणी येणार नाही. म्हणजे बटण, काँटॅक्टर, शाफ्ट, पाणी. प्रत्येक पायरीला दिवा लावता येतो, प्रत्येक दिव्याचे पैसे पडतात, आणि कुठे थांबायचं हे कोटेशनमध्ये ठरतं. ‘ऑन’ असं कोरलेली ट्रॅफोलाइट प्लॅस्टिकची पट्टी मात्र चारही ठिकाणी सारखीच दिसते.

दोन-तीन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग जेवताना मीच विषय काढला. अण्णा एरवी नोकरीबद्दल फारसं बोलत नाहीत; निवृत्तांच्या पेन्शनच्या गप्पांनाही जात नाहीत. पण पॅनेल म्हटल्यावर त्यांनी ताट जरा बाजूला सारलं आणि टेबलावर बोटाने यार्ड काढलं. सिग्नल द्यायचा तर दोन बटणं एकदम दाबायची, एक सिग्नलचं, दुसरं रूटचं. नुसता हात लागून सिग्नल पडू नये म्हणून. रूट लागला की त्या वाटेवर पांढऱ्या दिव्यांची रांग उमटते. गाडी आत आली की एकेक तुकडा लाल होत जातो. “आणि पॉइंटचा दिवा?” मी विचारलं. “तो आपला नसतो,” अण्णा म्हणाले. “तो पॉइंट सांगतो. ब्लेड रुळाला चिकटलं, कुलूप बसलं, मग तिथून वायर येते. तोपर्यंत तू कितीही बटणं दाब, दिवा लुकलुकत राहणार.” इमर्जन्सीच्या बटणांना काउंटर असतो. दाबलं की आकडा एकाने पुढे, मागे आणायची सोय नाही. ड्यूटी बदलताना दोघांनी आकडा जुळवायचा आणि रजिस्टरला लिहायचा. हे सांगताना त्यांच्या आवाजात एक जुनी नाराजी होती, अजून कुणीतरी आकडा तपासणार असल्यासारखी.

मग त्यांनी घोटीकडची एक रात्र सांगितली. तिथला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. इगतपुरीपासून इकडे आषाढात आभाळ खाली बसलेलं असतं. लूपच्या पॉइंटचा दिवा येईना. बाहेर गाडी उभी, फोनवर गाड्यांवर लक्ष ठेवणारा कंट्रोल विचारतोय का अडवली, पुन्हा पॉइंट फिरवला, पुन्हा लुकलुक. पॉइंट्समनला पॉइंट हाताने फिरवायचं क्रँक हँडल आणि बत्ती देऊन पाठवला. तो भिजत परत आला तेव्हा त्याच्या हातात गिट्टीचा एक खडा होता, सुपारीपेक्षा जरा मोठा. ब्लेड आणि रूळ यांच्यात बसला होता. “मी त्या दिव्याला फार शिव्या दिल्या त्या रात्री,” अण्णा म्हणाले आणि भात कालवू लागले. खडा सापडल्यावर बरं वाटलं की वाईट, ते मी विचारलं नाही. कंट्रोलला काय सांगितलं तेही त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी ओडिशातल्या बालासोरच्या अपघाताचं नाव काढलं नाही. मला मात्र त्या रात्री अंथरुणावर तेच आठवत राहिलं. २ जून २०२३, बालासोर जिल्ह्यातलं बहानगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि पॉइंट लागलेला होता लूपचा; लूपवर मालगाडी उभी होती. जवळपास तीनशे माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जे पुढे आलं ते वाचून मी कितीतरी वेळ बसून राहिले होते, कारण ते माझ्या कामाच्या भाषेत लिहिलेलं होतं: पूर्वी कधीतरी केलेले सर्किटमधले बदल, लोकेशन बॉक्समध्ये, म्हणजे रुळाकडेच्या वायरींच्या पेटीत, चुकीची लेबलं. तिथे दिवा बटणाचा नव्हता, पॉइंटकडूनच यायचा होता. सगळी व्यवस्था खरं बोलण्यासाठीच उभी केलेली. तरी पॅनेलने पॉइंट मेनला असल्याचं दाखवलं, कारण मधल्या एका पेटीत वायर वेगळ्या टर्मिनलवर गेली होती. आमच्या कारखान्यात क्रॉस फेरूल करायचे, म्हणजे वायरीच्या प्रत्येक टोकावर ती इथे कुठल्या टर्मिनलला आहे आणि पलीकडे कुठल्या टर्मिनलला जाते, दोन्ही लिहिलेलं असायचं. मुली कंटाळायच्या; बोटांच्या शिरा दुखतात ते बारीक पिवळे फेरूल ओढताना. मी त्यांच्यावर ओरडायचे. ओरडायचं कारण तेव्हा मला डिस्पॅचची तारीख वाटायची.

नाशिककरांना ही गोष्ट खरं तर निराळी शिकवायला नको. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की दर तासाला मोबाइलवर क्युसेकचे आकडे येतात. इतके हजार सोडले, आता वाढवले, आता कमी केले. ते आकडे वाचतात सगळे, पण त्यावर कुणाचं भागत नाही. लोक छत्र्या घेऊन पुलावर जातात आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते पाहून येतात. कमरेला, छातीला, गळ्याला. धरणाने किती सोडलं तो बटणाचा दिवा. मारुती सांगतो तो पॉइंटचा. सप्टेंबर २००८ मध्ये मारुती दिसेनासा झाला आणि पाणी सराफ बाजारात शिरलं, तेव्हा आकड्यांची चर्चा करायला कुणाला फुरसत नव्हती. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. टीव्हीवरची बातमी बंद करून त्यांनी पंचवटीत राहणाऱ्या बहिणीला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मारुतीचं डोकं दिसतंय का.

आता प्रश्न असा की कुणाचाही जीव जाणार नसलेल्या आठ बाय चारच्या बोर्डावर खरं जाणून घ्यायची गरज काय. माझं मन इथे आजही सरळ उत्तर देत नाही. खेळण्यातलं सुख हुकमाचं असतं. टॉगल पाडला, दिवा लागला, झालं. खाली कारखान्यात, घरात, दहावीच्या वर्गातल्या मुलीसमोर काहीही पाडलं तरी दिवा लागेलच असं नसतं. वर गच्चीवर एक जागा अशी होती जिथे बोललं की होत असे. निदान झालंय असं दिसत असे. ती कशाला घालवायची? शिवाय या छंदातली बरीचशी मंडळी आता डिजिटलवर गेली आहेत, डीसीसी म्हणतात ते. इंजिनात चिप, रुळांतून पॉवर आणि हुकूम एकत्र, आणि हातात मोबाइल. मला म्हणतात, अजून डीसीवर काय बसलीस. मी त्यांना इगतपुरी सांगते. पंधराशे व्होल्ट डीसीचं इंजिन काढून पंचवीस हजार व्होल्ट एसीचं लावायला तिथे गाड्या थांबायच्या, आणि त्या थांब्यावर अर्ध्या स्टेशनचा चहा-वडा चालायचा. आता ते गेलं, गाड्या लवकर पोचतात, चांगलंच झालं. पण मोबाइलच्या काचेवर सरकवलेल्या पॉइंटला बोटाखाली खट्‌ लागत नाही, आणि माझ्या मते खट्‌ लागत नसेल तर रेल्वे मांडू नये, मासे पाळावेत.

शेवटी मी दिवे बदलायला घेतले, ते तत्त्वासाठी नव्हे. सासरे पुन्हा वर आले तर, एवढंच मनात होतं. आधी सोपा मार्ग पाहिला. संथ मोटरींना आतच दोन जादा काँटॅक्ट असतात, त्यांवरून दिवा घेता येतो. पण तोही दिवा मोटरच्या दांड्याचा. दांडा पोचला आणि त्याला ब्लेडशी जोडणारी तार वाकली तर ब्लेड अध्येमध्येच. म्हणून बोर्डाखाली, दोन्ही ब्लेडांना जोडणाऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना, एकेक मायक्रोस्विच. पट्टी पूर्ण सरकली तरच त्याची पत्ती दाबली जाते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात प्लायवूडखाली उताणं पडून, तोंडात टॉर्च धरून, एक मिलिमीटर मागे-पुढे करत तो स्विच बसवायचा, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत गरम सोल्डरचा थेंब मनगटावर पडू द्यायचा नाही. स्विच थोडा अलीकडे बसला तर पट्टी पोचण्याआधीच दिवा लागतो, म्हणजे पुन्हा खोटं. थोडा पलीकडे बसला तर पट्टीच अडते. वायरी मात्र नीट केल्या. ०.५ स्क्वेअर एमएम, प्रत्येक टोकाला फेरूल, क्रॉस. घरात याचं हसू झालं. रात्री टीव्हीसमोर बसून फेरूल ओढताना नवऱ्याने विचारलं, ही ऑर्डर कुणाची?

पहिला पॉइंट नव्या दिव्यांवर आला तेव्हा एक गोष्ट अशी झाली जी मी ड्रॉइंगमध्ये पाहूनही पाहिली नव्हती. टॉगल पाडला. हिरवा विझला. आणि लाल लागला नाही. मोटर खाली गुणगुणत होती, ब्लेड सरकत होतं, आणि तीन-चार सेकंद पॅनेलवर त्या पॉइंटचं काहीच नव्हतं. मग लाल. पूर्वी हिरव्याचा तत्काळ लाल व्हायचा, पॉइंट एका क्षणात इथून तिथे असल्यासारखा. तो वाटेत असतो हे पॅनेलला दाखवताच येत नव्हतं. आता ते तीन-चार सेकंद मला रोज बघावे लागतात, आणि खरं सांगायचं तर त्यात माझा जीव थोडा वर-खाली होतो. खेळण्याने असं करू नये. पण गाडीचा हँडल मी आता दिवा आल्याशिवाय फिरवत नाही. पूर्वी बिनधास्त फिरवायचे. सायडिंगच्या पॉइंटवर खसखशीचा एक कांदा घरंगळून ब्लेडमध्ये बसला, तेव्हा दिवा आलाच नाही, आणि मी खाली जाऊन अण्णांना तो दाणा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तळहातावरचा दाणा पाहिला आणि विचारलं, “काउंटर लावलास का?”

काउंटर लावलेला नाही. सातपैकी चार पॉइंटांचे दिवे झालेत, तीन अजून बटणाचेच आहेत, आणि कोणते कुठले ते कळावं म्हणून बटणाच्या दिव्यांशेजारी मी रेडियमचा एकेक पांढरा ठिपका चिकटवलाय. मुलीची तक्रार वेगळीच आहे. अभ्यासातून उठून ती वर येते, दोन-चार टॉगल पाडते आणि म्हणते, आधी लगेच लागायचे, आता उशिरा लागतात, तू बिघडवलंस. तिला दोन्ही दिवे विझलेले असताना बझर वाजायला हवाय. तिच्या बाबांचं म्हणणं, आमची झोपायची खोली बरोबर खाली आहे, बझर अजिबात नको. पॅनेल करताना वीस टक्के टर्मिनल स्पेअर ठेवायचे ही कारखान्यातली सवय, त्यातल्या एकावर मी बझरची वायर आणून ठेवली आहे. दोन्ही टोकांना फेरूल घालून. अण्णांचं मत अजून घ्यायचंय. बझर म्हटल्यावर ते बहुतेक विचारतील की बंद करायचं बटण कुणाच्या हातात देणार.